पैसे तुमचे, तर प्रकाशकही तुम्हीच व्हा

पानशेतला माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. सातबारा, दाखले, लग्नपत्रिका हे रोजचं काम. अधूनमधून कोणीतरी वहीभर लिहिलेलं घेऊन येतं: अभंग, गडांवरच्या कविता, आत्मचरित्र. तोरणा-राजगडाच्या पायथ्याला लिहिणाऱ्यांचा तुटवडा नाही आणि हे आता पुस्तकं 'काढून देणाऱ्यां'नाही कळलंय.

मध्यंतरी एक निवृत्त गुरुजी आले. पानशेत म्हटलं की पुणेकरांना १२ जुलै १९६१ आठवतो, धरण फुटलं तो दिवस. गुरुजींनी लिहिलं होतं ते त्याआधीचं, आंबी नदीच्या खोऱ्यात पाण्याखाली गेलेल्या आपल्या गावाचं. कुठल्या खाचराला काय नाव, भाताच्या जाती कोणत्या, जात्यावर बाया काय म्हणायच्या. सोबत एका प्रकाशन संस्थेचं पत्र. साहित्यकृतीची निवड झाल्याबद्दल अभिनंदन आणि खाली सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे तीन दर.

"ताई, निवड झाली बघ."

"गुरुजी, वही तर इथं माझ्यापुढं आहे. त्यांनी वाचलं काय?"

"दोन पानं व्हॉट्सॲपवर पाठवली होती."

करार मी बारकाईनं वाचला. प्रती पाचशे. त्यातल्या पन्नास लेखकाला, बाकीच्या विक्रीसाठी संस्थेकडे. प्रत्यक्षात किती छापणार, कुठे ठेवणार, विक्रीचा हिशेब कधी देणार, एक अक्षर नाही. हक्क मात्र पाच वर्षं संस्थेचे. आणि आयएसबीएनचे पैसे वेगळे! हा क्रमांक भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो देते, लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. तो मिळाला म्हणजे पुस्तक चांगलं ठरलं असंही नाही. तो नुसता ओळखक्रमांक आहे. (प्राध्यापकांच्या बढतीत पुस्तकांना गुण मिळू लागल्यापासून या क्रमांकाचा भाव उगाच चढला, असं माझं मत.)

लेखकानं पदरमोड केली याला माझी हरकत नाही. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ साली स्वतःच प्रसिद्ध केली. 'शेतकऱ्याचा असूड'चे पहिले दोन भाग छापून 'दीनबंधू'नं हात आखडता घेतला. ते तर त्यांच्याच चळवळीतलं पत्र. दुसऱ्याच्या छापखान्यावर विसंबलं की असं होतं. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि तेवीस खंड काढले. या दोघांच्या कामाला कोणी हौसेचं म्हणेल काय?

माझा आक्षेप आहे तो पैसे लेखकाचे आणि मालकी दुसऱ्याची, या व्यवहाराला. खरा प्रकाशक पुस्तक विकलं गेलं तर कमावतो, म्हणून तो नको त्या मजकुराला कात्री लावतो, मुखपृष्ठावरून भांडतो, विक्रेत्याच्या मागे लागतो. इथं कमाई लेखकाच्या चेकवरच होऊन जाते. पुढे पुस्तक विकणं म्हणजे नुसती कटकट. ती कोण करेल?

गुरुजींनी शेवटी स्वतःच प्रकाशक व्हायचं ठरवलं. टायपिंग मी युनिकोडमध्ये केलं. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते. मुद्रितशोधनाचे आणि संपादनाचे पैसे वाचवायचे नाहीत, यावर मी अडून बसले. त्यात तीस पानं गळाली, तेव्हा गुरुजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. डेमी आकार, सोळा पानांचा एक फॉर्म, आठ फॉर्म म्हणजे एकशे अठ्ठावीस पानं. नववा फॉर्म अर्धाच भरत असेल तर मजकूर आवरलेला बरा. ऑफसेटला प्लेटचा खर्च ठरलेला, म्हणून कमी प्रती महाग पडतात. आम्ही डिजिटलवर दोनशेच काढल्या आणि छपाईची फाइल आपल्या पेनड्राइव्हवर घेतली. लागतील तेव्हा आणखी छापू.

छापण्याआधीच प्रतींची मागणी नोंदवून घेतली. दौंडकडे पुनर्वसन झालेल्या भावकीनंच निम्म्या प्रती सांगून ठेवल्या. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना स्वखर्चानं एकेक प्रत द्यायची असते. तेही गुरुजींनीच केलं.

हे सगळं सोपं आहे असं मी कोणाला सांगत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानदाराला अनोळखी माणसाचं एकच पुस्तक ठेवायला जागा नसते. कमिशन मोठं द्यावं लागतं आणि न खपलेल्या प्रती परत येतात. ज्याला वणवण जमणार नाही त्यानं खर्च वाटून घेणारा प्रकाशक जरूर गाठावा, पण प्रतींची संख्या, हक्क आणि हिशेबाची तारीख कागदावर घेऊन. आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, ती आमच्यासारख्या गावांत कोणाला माहीत नसते. त्या पॅकेजवाल्यांचे मेसेज मात्र रोज येतात. मंडळानं योजनेचं एक पत्रक गावोगावच्या वाचनालयात लावलं तरी पुष्कळ होईल.

गुरुजींच्या माळ्यावर अजून काही प्रती आहेत. पाहुण्यांनाही ते फुकट देत नाहीत, छापील किंमत घेतात. नातेवाईक कुरकुरतात, पण मला ते पटतं.