गडी कुणाचा?

फराळाचे ताट समोर असताना वादाचा विषय काढू नये, असे आमची आई सांगत असे. वाद रंगला की चकल्या कोणी किती खाल्ल्या याचे भान राहत नाही, हा तिचा अनुभव. तिची क्षमा मागून आज मी मुद्दाम वाद काढणार आहे. आणि तोही बास्केटबॉलचा. तुमच्यापैकी पुष्कळांचा या खेळाशी संबंध शाळेच्या मैदानावरच्या त्या दोन उंच कड्यांपुरताच आला असेल. माझाही तेवढाच होता. पण वादाला निमित्त खेळाचे असले तरी त्याच्या मुळाशी निष्ठा नावाचा शब्द आहे, आणि त्या शब्दाशी माझे जुने भांडण आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे कॅलिफोर्नियात फ्रेमाँट गावी जाऊन राहिलो होतो. घरात दैवते दोन. एक देवघरातला गणपती आणि दुसरे गोल्डन स्टेट वॉरियर्स नावाचा बास्केटबॉलचा संघ. त्या हंगामात या संघाने साखळीच्या ८२ सामन्यांपैकी ७३ जिंकले होते. शिकागो बुल्सचा १९९५-९६ सालचा ७२ विजयांचा विक्रम मोडला होता. अंतिम फेरीत सातांपैकी चार सामने जिंकायचे. वॉरियर्स ३-१ असे पुढे होते. आणि मग पुढचे तिन्ही सामने क्लीव्हलँडने जिंकले! १९ जूनला शेवटचा सामना ९३-८९ असा गेला. त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवले नाही. मी एकटा जेवलो.

सुतक फिटते न फिटते तोच नवा विषय निघाला. ओक्लाहोमा सिटीच्या थंडर संघातला केविन ड्युरंट हा मोठा खेळाडू. त्याचा करार संपत होता आणि १ जुलैपासून तो कोणत्याही संघाशी बोलणी करायला मोकळा होणार होता. अशा खेळाडूला तिकडे ‘फ्री एजंट’ म्हणतात. मी आमच्या गिरणगावच्या भाषेत ‘मोकळा गडी’ म्हणतो. प्रश्न एवढाच, की आपल्या संघाने हा मोकळा गडी घ्यावा की घेऊ नये? ‘आपल्या’ म्हणजे वॉरियर्सच्या. या संघात आमच्या घराचा एक पैसा नव्हता, पण घरात चर्चा अशी चालली होती, की जणू करारावर सही जावईबापूच करणार आहेत.

नातू तेव्हा अकरा वर्षांचा. त्याचे म्हणणे सरळ होते : “तो आला तर आपण हरणारच नाही, आजोबा!”

मुलीचे म्हणणे वेगळे होते. “त्याच्यासाठी पगाराची जागा करायची म्हणजे बार्न्सला आणि बोगटला जाऊ द्यावे लागेल. २०१५ चे विजेतेपद ह्यांनीच तर मिळवून दिले. बार्न्सला इथेच वाढवला ना?”

आणि जावईबापू? ते तर संतापले होते. “बाबा, महिन्यापूर्वी हाच माणूस आपल्याविरुद्ध ३-१ ने पुढे असून हरला. आता ज्यांनी हरवले त्यांच्याच पंगतीला येऊन बसणार? ज्या गावाने त्याला डोक्यावर घेतले त्याला सोडणार? असला गद्दार आपल्याला नको. आज त्यांना सोडले, उद्या आपल्याला सोडील.”

मी विचारले, “जावईबापू, तुमची ही कितवी नोकरी?”

“तिसरी.”

“किती वर्षांत?”

“आठ. पण बाबा, ती वेगळी गोष्ट आहे. ते करिअर.”

ऐकलेत, वाचकहो? आपण नोकरी बदलली की ते करिअर, आणि बास्केटबॉलवाल्याने बदलली की ती गद्दारी! माझे भांडण नेमके इथे सुरू होते.

आता या ओक्लाहोमा सिटीच्या निष्ठेचा इतिहास पाहा. हा संघ मुळात त्या गावचा नव्हेच. तो १९६७ पासून सिॲटल शहराचा. सुपरसॉनिक्स हे त्याचे नाव. त्या नावाने १९७९ साली त्याने विजेतेपदही मिळवले होते. २००६ साली ओक्लाहोमातल्या धनिकांनी तो विकत घेतला आणि २००८ साली उचलून आपल्या गावी नेला. सिॲटलच्या लोकांनी एक्केचाळीस हंगाम टाळ्या वाजवल्या. त्यांच्या पदरात काय पडले? ड्युरंट हा २००७ साली सिॲटलनेच निवडलेला, वय वर्षे अठरा. ती निवडही संघाने करायची असते, खेळाडूने नव्हे. वर्षभरात संघ हलला, तसा सामानाबरोबर हा पोरगाही हलला. तेव्हा त्याला कोणी विचारले होते काय, की बाबा रे, तुला यायचे आहे का? अख्खा संघ शहर सोडून गेला तो व्यवहार, आणि आठ वर्षांनी करार पुरा करून एक माणूस गेला तो मात्र द्रोह! हा कुठला न्याय?

आमचे वॉरियर्स तरी कुठले धुतल्या तांदळाचे? हा संघ १९४६ साली फिलाडेल्फियात जन्मला, १९६२ साली सॅन फ्रान्सिस्कोला आला, १९७१ साली खाडीपलीकडच्या ओकलंडला गेला. पडत्या काळात कष्टकरी ओकलंडने त्याला सांभाळले. आणि चांगले दिवस येताच २०१९ साली मालकांनी तो पुन्हा खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या दिमाखदार प्रेक्षागृहात नेला. त्या मालकांच्या नावाचे सदरे कोणी भर रस्त्यात जाळल्याचे मी ऐकले नाही. ड्युरंटच्या नावाचे मात्र ओक्लाहोमात जाळले गेले.

मराठीत गडी या शब्दाचे दोन अर्थ आहेत. हुतूतूच्या मैदानावरचा खेळाडू तो गडी, आणि घरी भांडी घासायला येतो तोही गडी. मला वाटते, सगळा घोटाळा या दोन अर्थांच्या सरमिसळीत आहे. आपण टाळ्या पहिल्या गड्याला वाजवतो आणि इमानाची अपेक्षा दुसऱ्या गड्याकडून करावी तशी करतो. अमेरिकेत तर कित्येक वर्षे कायदाच तसा होता. करार संपला तरी खेळाडू त्याच संघाच्या ताब्यात. संघाने सोडले तरच त्याची सुटका. १९७० साली खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याने याविरुद्ध न्यायालयात दावा लावला. सहा वर्षांनी, १९७६ साली, तडजोड होऊन ती बेडी सैल झाली. तोवर रॉबर्टसन स्वतः निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. आणि ठराविक वर्षे खेळलेल्या खेळाडूला जुन्या संघाची आडकाठी न येता जाण्याची मुभा मिळाली ती १९८८ साली. आपल्याकडच्या आयपीएलमध्ये २००८ पासून खेळाडूंचा लिलाव होतो. तिथे बोली लावणारा ठरवतो आणि खेळाडूने तिकडे जायचे. मोकळ्या गड्याचे तसे नाही. तिथे निदान एकदा तरी निवड त्याच्या हातात येते. ती एवढीशी निवडही आपल्या डोळ्यांत खुपावी?

उलट, संघाला वाटेल तेव्हा तो खेळाडूला दुसऱ्या संघाशी बदलून टाकू शकतो. बॉस्टनचा आयझेया थॉमस आठवा. एप्रिल २०१७ मध्ये त्याची बहीण मोटार अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी बाद फेरीचा सामना होता. हा डोळे पुसत खेळला. पुढे कंबरेचा सांधा दुखावला तरी खेळत राहिला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बॉस्टनने त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकले. निष्ठा निष्ठा म्हणतात ती हीच ना?

मी हे इतक्या तावातावाने का बोलतो, असे तुम्ही विचाराल. तर सांगतो. १९६७ साली मी लालबागच्या एका गिरणीत टाइमकीपर म्हणून लागलो. १९७९ साली ठाण्याकडच्या एका नव्या कारखान्यातून मला बोलावणे आले. पगार दीडपट होता. मी साहेबांकडे गेलो, तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही म्हणजे आमच्या घरचे माणूस. घर सोडून जाता?” मी विरघळलो. घरी येऊन हिला मोठ्या अभिमानाने सांगितले, की मी नाही म्हणून आलो. ती काही बोलली नाही. पोळ्या लाटत राहिली.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढचे सर्वांना माहीत आहे. आमची गिरणी पुन्हा धड उभी राहिली नाही आणि एक दिवस फाटकाला नोटीस लागली. घरचे माणूस फाटकाबाहेर! त्या वर्षीच्या दिवाळीत हिने चार घरच्या चकल्या तळून दिल्या आणि आमचे घर चालवले. पूर्ण चकल्या गिऱ्हाइकांच्या डब्यांत जात. मोडके तुकडे मुलीच्या ताटात येत. आज गिरणीच्या जागी काचेची उंच इमारत आहे. मालकाला मी शिव्या देत नाही. त्याने आपला हिशोब केला. मीच माझा केला नाही, आणि त्या न केलेल्या हिशोबाला मी तीन वर्षे निष्ठा म्हणत बसलो.

म्हणून त्या रात्री फ्रेमाँटच्या जेवणाच्या टेबलावर मी माझे मत टाकले : घ्यावा. खुशाल घ्यावा.

मात्र मुलीचा मुद्दा मला खोडता आला नाही, आणि आजही येत नाही. नवा गडी आला की जुन्यांपैकी कोणीतरी उठतो. बार्न्स आणि बोगट दोघेही डॅलसला गेले. संघाने मोठा गडी घेण्याला आक्षेप घ्यायचा तर असा घ्यावा : कोणाची जागा जाते? आहेत त्यांना तो हवा आहे का? इतके बलाढ्य झाल्यावर खेळात चुरस उरेल का? हे प्रश्न खरे आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर मिळालेच. करी, थॉम्प्सन, ग्रीन आणि इग्वाडाला हे चौघे स्वतः न्यूयॉर्कजवळ जाऊन ड्युरंटला भेटले आणि ‘ये’ म्हणाले. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने होकार कळवला. दोन वर्षांचे ५ कोटी ४३ लाख डॉलर. नातू घरभर नाचला. जावईबापू गॅलरीत जाऊन उभे राहिले.

२०१७ आणि २०१८ ही दोन्ही विजेतेपदे वॉरियर्सनी जिंकली. ‘पैशासाठी आला’ म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद : २०१७ साली इग्वाडालासारखे जुने सहकारी संघात राहावेत म्हणून ड्युरंटने मिळू शकला असता त्याहून बराच कमी, सुमारे अडीच कोटी डॉलरचा पगार घेतला.

आणि मग १० जून २०१९. टोरांटोविरुद्ध अंतिम फेरीचा पाचवा सामना, वॉरियर्स १-३ असे मागे. ड्युरंटची पोटरी दुखावलेली. महिनाभर तो खेळला नव्हता. करार संपायला आला होता. स्वतःपुरते पाहणारा माणूस असता तर पाय जपून बाकावर बसला असता आणि पुढचा करार खिशात घातला असता. हा उतरला. बारा मिनिटांत अकरा गुण केले आणि कोसळला. टाचेमागची जाड शीर तुटली. काही प्रेक्षकांनी आनंदाने आरडाओरडा केला, तेव्हा टोरांटोच्याच खेळाडूंनी हातवारे करून त्यांना गप्प केले. सामना वॉरियर्सनी एका गुणाने जिंकला. विजेतेपद मात्र टोरांटोला गेले. ड्युरंट पुढचा अख्खा हंगाम खेळू शकला नाही. गद्दार म्हणतात तो हा!

त्यानंतर तो ब्रुकलिनला गेला. ‘उद्या आपल्याला सोडील’ हे जावईबापूंचे भाकीत खरे ठरले. पण त्यांचा फोन आला तो निराळाच. म्हणाले, “बाबा, गेला. जाऊ दे. पायाचे वाईट झाले.”

२०२२ साली करी, थॉम्प्सन आणि ग्रीन या घरच्याच तिघांच्या जोरावर वॉरियर्स पुन्हा अजिंक्य झाले. जावईबापू सांगतात, हेच विजेतेपद आपले. मधली दोन त्यांना अजून पुरती आपली वाटत नाहीत. मी म्हणतो, ठीक आहे. घरी वाढलेल्या पोराचे कौतुक जास्त वाटावे, हे मलाही समजते. ती माया झाली, आणि मायेला कोण हरकत घेतो? पण ज्याने करार पुरा केला, घेतला पगार घाम गाळून फेडला आणि दार उघडे होते म्हणून बाहेर पडला, त्याला मायेच्या नावाने शिवी देऊ नका.

गेल्या दिवाळीत नातवाचा फोन आला होता. आता तो कॉलेजात आहे आणि सुटीत कुठेतरी काम करतो. म्हणाला, “आजोबा, दुसरीकडे जास्त पैसे देतात. पण इथले साहेब म्हणतात, तू आमच्या घरचाच आहेस. काय करू?”

मी फोन हिच्या हातात दिला. या वेळी ती गप्प बसली नाही.