पुढच्या ब्रेकची बाजू

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही देवासला थोरल्या बहिणीच्या घरी गेलो होतो. चार दिवस विश्रांती घ्यावी, टेकडीवर जाऊन देवीचे दर्शन घ्यावे आणि परतावे, एवढाच बेत होता. परंतु अंगणातल्या एका मोटारसायकलीने त्याचा विचका केला. भावोजींचे वडील तात्या यांची ती जुनी जावा. तात्या हयात होते तोवर ती रोज पुसली जात असे. त्यांच्यामागे नऊ पावसाळे ती पत्र्याखाली नुसती उभी होती. आमच्या भाच्याला नुकताच वाहन चालविण्याचा परवाना मिळाला, आणि आजोबांची गाडी आपणच चालवायची असा त्याने हट्ट धरला. थोड्या खटपटीने इंजिन सुरूही झाले. गाडी मात्र जागची हलेना. पुढचे चाक घट्ट धरले गेले होते.

मिस्त्री आला. त्याने केलेले निदान अचूक होते : ब्रेक आतून जाम झाला आहे. उपाय मात्र त्याने असा सांगितला, की आतले दोन्ही शू काढून टाकावेत, केबल सोडून द्यावी, आणि हँडलवरचा लिव्हर शोभेपुरता ठेवावा. “मास्टरजी, अगला ब्रेक तो गिराता ही है,” असे म्हणून तो हसला. भावोजींनाही ते पटले. “अहो, तात्यासुद्धा पुढचा ब्रेक कधी लावीत नसत,” ते म्हणाले. अर्ध्या तासाचे काम, आणि खर्च जवळजवळ नाहीच. विरोध केला तो आम्ही एकट्यानेच. आणि कलाशाखेच्या पदवीधराने यंत्राच्या कामात तोंड घातले म्हणून घरात थोडी करमणूकही झाली. तो विरोध कशासाठी केला, ते येथे सांगावयाचे आहे. आमच्या वरच्या वर्गांतील मुलेमुली दोन-तीन वर्षांत दुचाकीवर बसणार, आणि पुढचा ब्रेक घातक असतो हा समज त्यांच्या कानांवर एव्हाना आलाही असेल.

धावत्या बसचा ब्रेक एकाएकी लागला की उभे उतारू पुढे झुकतात, हा अनुभव सर्वांनाच आहे. मोटारसायकलीचेही तसेच होते. वेग कमी होऊ लागताच तिचा आणि स्वाराचा भार पुढच्या चाकावर येतो व मागचे चाक हलके होते. घर्षण दाबावर अवलंबून असते, हे विज्ञानाच्या पुस्तकात आपण शिकवतोच. तेव्हा थांबण्याच्या क्षणी रस्त्याला अधिक घट्ट धरणारे चाक पुढचे, आणि हलके झाल्यामुळे चटकन घसरणारे चाक मागचे. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणारा मनुष्य आपल्या दोन हातांपैकी बळकट हात खिशात घालून ओझे उचलू पाहतो.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. केवळ मागच्या ब्रेकने दर सेकंदास वेग 3 मीटरने कमी होतो असे धरले, तर गाडी सुमारे 32 मीटरवर थांबेल. दोन्ही ब्रेक मिळून तोच वेग 5 मीटरने कमी होत असेल, तर सुमारे 19 मीटरवर. मधले 13 मीटर म्हणजे आपल्या दोन वर्गखोल्यांची लांबी. त्या 13 मीटरांत रस्ता ओलांडणारे एखादे मूल असू शकते.

पुढच्या ब्रेकची भीती निराधार आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वाळूवर, खडीवर, ओल्या शेणावर किंवा वळणात गाडी कललेली असताना तो एकदम आवळला, तर पुढचे चाक घसरते आणि स्वार पडतो. मिस्त्रीने असे पडलेले लोक पाहिले असणार. तो खोटे बोलत नव्हता. परंतु सुरीने बोट कापते म्हणून विळीसुरी फेकून कोणी स्वयंपाक करीत नाही. ब्रेक हळूहळू दाबावा, सरळ रेषेत दाबावा, दोन्ही बरोबर दाबावेत, हे शिकवावयाचे सोडून आपण ब्रेकच काढून टाकतो! देशाच्या कायद्याचा विचारही निराळा आहे. 1 एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींपैकी 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना चाक अडकू न देणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्याखालच्या गाड्यांना तीच यंत्रणा नसेल, तर निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय असावी लागते. म्हणजे स्वार विसरला तरी पुढचा ब्रेक थोडा लागलाच पाहिजे, अशी ही व्यवस्था आहे. तात्यांच्या जावेला असे कोणी आठवण करून देणारे नव्हते.

ही जावा गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून 1929 मध्ये हे नाव तयार झाले. 1961 पासून ती म्हैसूरला बनू लागली, आणि तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला. किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच, ही तिची गंमत जुन्या लोकांना अजून आठवते. अशा गाडीचे सुटे भाग मिळविणे कष्टाचे. म्हणून आहे तोच भाग वाचविणे शहाणपणाचे होते.

गाडीखाली लाकडी खोके सारून आम्ही पुढचे चाक अधांतरी केले. पण शू ड्रमला गंजाने असे चिकटले होते, की ब्रेक प्लेट निघेना. हातोडी चालविण्याचा मोह आवरला, फटीतून रॉकेल सोडले आणि काम रात्रभर तसेच ठेवले. सकाळी लाकडी मोगरीने कडेकडेने ठोकताच प्लेट सुटली. येथे एक इशारा दिलाच पाहिजे. ड्रममधली काळी धूळ फुंकरीने उडविण्याची सवय सर्वत्र दिसते. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर कित्येक वर्षांनी कर्करोगासारखे रोग उद्भवू शकतात. आम्ही ती ओल्या फडक्याने पुसली आणि फडके पिशवीत बांधून टाकून दिले.

आतली रचना साधी, पण पाहण्यासारखी असते. अर्धगोलाकार दोन शू, त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, एका टोकाला स्थिर खुंटी आणि दुसऱ्या टोकाला कॅम. लिव्हर दाबला की कॅम फिरतो व दोन्ही शू फाकून ड्रमला भिडतात. एका शूला फिरता ड्रम स्वतःच अधिक ओढून घेतो. दुसऱ्याला तोच ड्रम मागे सारतो. एकाच घरात राहून दोघांचे बळ सारखे नाही. हे समजावताना आम्ही भाच्याला म्हटले, “तुमच्या देवासची थोरली पाती आणि धाकटी पातीच समज.” एकाच गावात पवारांची दोन संस्थाने, रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल आणि त्या बाजूला दुसऱ्याचा, अशी 1948 पर्यंत नांदली. भाच्याला शू पटकन समजले. इतिहास कितपत समजला, ते परीक्षेत दिसेल.

खरा अपराधी कॅमचा दांडा होता. त्यावरचे ग्रीस वाळून मेणासारखे झाले होते, त्याखाली गंज धरला होता, आणि दांडा प्लेटच्या भोकात रुतून बसला होता. तात्यांच्यामागे कोणीतरी एकदा लिव्हर दाबला असेल. शू फाकले ते मिटलेच नाहीत. आम्ही कोकणातले. गंज म्हणजे खाऱ्या वाऱ्याचे आणि चार महिन्यांच्या पावसाचे काम, अशी आमची समजूत. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व 1948 मध्ये ज्या कोरड्या हवेसाठी देवासला आले, त्या हवेत लोखंड कसे गंजेल, असे वाटले होते. पण बंद ड्रममध्ये एकदा शिरलेले पाणी लवकर वाळत नाही, मग मुलूख कोणताही असो.

आता प्लेट अ‍ॅल्युमिनियमची आणि दांडा पोलादाचा. तापले असता अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ताईने चहाच्या पातेल्यात पाणी उकळून दिले, ते आम्ही प्लेटवर ओतले, आणि दांड्याच्या टोकावर लाकडाचा ठोकळा धरून हलके ठोके दिले. तिसऱ्या पातेल्याला दांडा हलला. त्याआधी लिव्हर कोणत्या खाचेत बसला होता, याची खूण करून ठेवली होती. ती विसरली तर जोडताना पंचाईत होते. दांडा बारीक पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केला आणि त्यावर ग्रीसचा पातळ हात दिला. येथे उदारपणा नडतो, कारण जास्तीचे ग्रीस वितळून लायनरवर गेले तर ब्रेक धरतच नाही. लायनर रिव्हेटीपर्यंत झिजले होते. ते इंदूरहून नवे बसवून आणले. जोडताना दोन्ही शू उघड्या पुस्तकाच्या पानांसारखे वर धरून, स्प्रिंगा अडकवून, मग सपाट दाबले की बोटे चेमटत नाहीत.

नव्या लायनरचे उंचवटे शोधण्यास आमचे नेहमीचे हत्यार उपयोगी पडले : खडू. ड्रमच्या आतून खडू फासला, चाक जोडून लिव्हर हलका दाबत फिरविले आणि पुन्हा उघडले. जेथे पांढरे डाग उमटले, तेथेच लायनर टेकत होते. ते डाग कानशीने घासावयाचे आणि पुन्हा पाहावयाचे. असे पाच वेळा केले. शेवटी लिव्हर दाबून धरूनच आसाचा नट आवळला, म्हणजे दोन्ही शू ड्रमच्या मधोमध बसतात. केबल नवी घातली. सारे मिळून अडीच दिवस गेले. मिस्त्री हे का करीत नाही, तेही तेव्हा कळले : अडीच दिवसांची मजुरी देणारे गिऱ्हाईक त्याला कोठून मिळणार?

मोकळ्या मैदानावर आम्ही दोन खुणा केल्या. ताशी 40 च्या वेगाने भाचा आला. केवळ मागच्या ब्रेकने तो 27 पावलांवर थांबला. दोन्ही ब्रेकांनी 17 वर. भावोजींनी पावले पुन्हा मोजली. मिस्त्रीही पाहावयास आला होता. तो काही बोलला नाही. जाताना मात्र खडूचे दोन तुकडे मागून घेऊन गेला.

पुढल्या रविवारी भावोजी मोटारीतून आणि आम्ही दोघे जावेवरून, असे इंदूरमार्गे धारला गेलो. वाटेत पिथमपूरचा फाटा लागतो. एके काळी कायनेटिक होंडा स्कूटर तेथे बनत असे. आणि 2021 मध्ये तेथे वाहनांच्या चाचणीचा 11.3 किलोमीटरचा अतिवेगवान मार्ग सुरू झाला. वर्तमानपत्रांनी त्या वेगाचेच वर्णन केले. त्याच आवारात ब्रेक तपासण्यासाठी निराळा मार्ग आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आले असेल.

धारला लाट मशिदीच्या आवारात जुना लोहस्तंभ तीन तुकड्यांत आडवा ठेवलेला आहे. तिन्हींची लांबी मिळून 13 मीटरांहून अधिक भरते. कित्येक शतके उघड्यावर असूनही तो गंजाने खाल्लेला नाही. भाच्याने त्यावर हात फिरविला आणि विचारले, “मामा, आपला दांडा नऊ वर्षांत का गेला मग?” जुन्या लोखंडात फॉस्फरस अधिक असतो आणि त्यामुळे वर संरक्षक थर धरतो, हे आम्ही सांगितले, उघड्यावरचे पाणी वाळते, हेही सांगितले. त्याचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. परतताना अंधार पडू लागला आणि जावेचा मागचा दिवा लागत नाही, हे ध्यानात आले. तेव्हा भावोजींची मोटार मागे ठेवून सावकाश घरी आलो. दिव्याच्या तारा भाचा स्वतः तपासणार आहे. तसे त्याचे पत्र आले आहे.