उथळ पाण्यातील विजेची होडी
इ. स. १८८१ साली पॅरिसमध्ये सीन नदीवर ग्युस्ताव्ह त्रूव्हे या कल्पक यंत्रज्ञाने होडीच्या सुकाणूवरच विजेची मोटार बसवून, आणि तीही सहज उचलून घरी नेता यावी अशी, जो प्रयोग केला, त्याचे मर्म खाडीकाठच्या वाचकांस निराळे सांगणे नलगे. कारण ओहोटीच्या गुडघाभर पाण्यात पंखा वेळीच वर घेता येणे, हीच खरी कसोटी. बॅटऱ्यांच्या भाराने होडी जितकी दबते तितके पाणी तिला अपुरे पडते, ही अडचण लिथियमने बरीच हलकी केली. खाऱ्या पाण्याचा गंज मात्र अद्याप बेमुर्वतखोरच आहे. वाचकांनी आपले प्रयोग, विशेषतः फसलेले, आमच्या दफ्तरी अवश्य रुजू करावेत.