महामार्गाला नंबर, पाणंदीला काय?



आपल्या हदगाववरून जाणारा तुळजापूर–लातूर–नांदेड–यवतमाळ–बुटीबोरी रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. हा आकडा उगीच पडलेला नाही. २०१० साली देशभर नवे नंबर दिले. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य मार्गांना विषम, दक्षिणोत्तर जाणाऱ्यांना सम. कल्याण–निर्मल हा जुना २२२ त्यात ६१ झाला. त्याचा फाटा म्हणून आपला ३६१. (नांदेडवरून अकोल्याला जाणारा १६१ त्याचाच भाऊ.)

रस्ता रुंद झाला, चांगलेच झाले. पण ऊस काही महामार्गावर पिकत नाही. तो पाणंदीने येतो. हंगामाच्या तोंडाला एक अवकाळी सर आली की ट्रॉली रुतलीच म्हणून समजा. तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. यात तुमचेही नुकसान, कारखान्याचेही.

शासनाची मातोश्री शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ पासून आहे. ग्रामसभेत आपल्या पाणंदीचा ठराव घ्या. पाणंद दाबून बसलेला बहुधा आपलाच सभासद असतो, हेही तिथे स्पष्ट बोलावे लागेल.

आणि ड्रायव्हर मंडळींना सांगा, वळसा वाचवायला महामार्गावर उलट्या बाजूने गाडी घालू नका. ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर नसेल तर रात्री फडातून निघूच नका.