विश्लेषण : बदलापूरचा कर्करुग्ण मुंबईच्या आकडेवारीत का नसतो?

बदलापूरहून परळला येऊन टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेणाऱ्या रुग्णाची नोंद रुग्णालयात होते. मुंबईच्या लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीत मात्र तो मोजला जात नाही. हा गलथानपणा नव्हे, नियम आहे. असे नियम सांभाळणारे जैवसंख्याशास्त्रज्ञ कर्करोग संशोधनात नेमके काय करतात?

नियम काय?

कर्करोगाचा दर म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे आढळलेले नवे रुग्ण. छेदात बृहन्मुंबईचे रहिवासी, तर अंशातही तेच हवेत. ठाणे जिल्ह्यातील रुग्ण त्यात मिळवले, तर मुंबईचा दर उगाच फुगेल. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केलेली मुंबईची ही नोंदणी देशातील पहिली. एकाच रुग्णाच्या दोन रुग्णालयांतील नोंदी शोधून एक करणे, वयोरचनेनुसार दर समायोजित करणे हे रोजचे काम.

चाचण्यांमध्ये भूमिका काय?

सहभागी किती हवेत, गट कसे पाडायचे, हे चाचणीपूर्वीच ठरते. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईतील २० वस्त्यांत सुरू केलेल्या चाचणीत ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ महिला होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. एका वस्तीतील महिलांचे राहणीमान मिळतेजुळते, त्यामुळे दीड लाख हा आकडा दिसतो तितका मोठा नसतो. ही तूट आधीच धरावी लागते.

निकाल २०२१ मध्ये ‘बीएमजे’त आला. स्तन कर्करोगाचे मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी घटले, पण ही घट योगायोगाची नाही असे म्हणता आले नाही. पन्नाशीपुढील महिलांत मात्र ती जवळपास ३० टक्के होती आणि संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकली. मोजकेच कर्मचारी असलेल्या नगरपालिकेने तपासणी कोणापासून सुरू करावी, हे या फरकावरून ठरवता येते.

शिक्षण आणि संधी?

संख्याशास्त्रात बीएस्सी, पुढे त्यात किंवा जैवसंख्याशास्त्रात एमएस्सी. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत हा विषय शिकवला जातो. ‘आर’, ‘सॅस’ यांसारखी सॉफ्टवेअर सरावाने येतात. ‘इतक्या रुग्णांत उत्तर मिळणार नाही’ हे ज्येष्ठ शल्यविशारदाला सुरुवातीलाच सांगणे जास्त कठीण. काम रुग्णालये, कर्करोग नोंदणी केंद्रे आणि औषधचाचण्या करणाऱ्या कंपन्यांत मिळते. बदलापूरकरांसाठी परळ मध्य रेल्वेवरच. खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’साठी ठाण्याला गाडी बदलावी लागते.