कोठाराचे दार

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

नाताळापूर्वी आमच्या घरांतून साफसफाई होते. शेजारच्या घरांतून ती दसरा-दिवाळीला होते. जळमटे निघतात, भिंतींना रंग लागतो, आणि माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, पुसली जाते व पुन्हा माळ्यावर चढते. आतला माल तसाच. याला साफसफाई खुशाल म्हणावे, पण तेवढ्याने प्रभूचे स्वागत झाले असे समजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ख्रिस्ती घरातली अडगळ हा नीटनेटकेपणाचा प्रश्न नसून हिशेबाचा प्रश्न आहे. मी वाणिज्य शाखेची, तेव्हा त्याच बाजूने बोलेन.

मराठी पवित्र शास्त्रात 'कारभारी' हा शब्द भेटतो. (खेड्यांतून बायका नवऱ्याला हाच शब्द वापरतात, त्यामुळे संडे स्कूलमध्ये आम्हा मुलींना फार हसू येई.) लूककृत शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायात धन्याची मालमत्ता उधळणाऱ्या कारभाऱ्याची गोष्ट आहे. धनी त्याच्याकडे मागतो तो हिशेब. कन्नड बायबलात याच माणसाला 'मनेवार्तेयवनु' म्हटले आहे. त्यात 'मने' आहे, म्हणजे घर. मूळ ग्रीक शब्दातही घर आहे, आणि 'इकॉनॉमिक्स' त्याच शब्दकुळातले. तेव्हा आपल्या वर्गातील मित्रांनी हा विषय परका मानू नये. कारभारी मालक नसतो. तो दुसऱ्याचे सांभाळतो आणि एक दिवस वही पुढे ठेवतो.

अलीकडे घर रिकामे करण्याची एक फॅशन निघाली आहे. मारी कोंदो या जपानी लेखिकेची पद्धत प्रसिद्ध आहे : वस्तू हातात घ्या, आनंद वाटला तर ठेवा, नाहीतर निरोप द्या. पद्धत वाईट नाही. पण तिच्यात विचारायचे ते स्वतःच्या मनाला. कारभाऱ्याला तेवढ्यावर सुटता येत नाही. ही वस्तू कोणाला हवी आहे, हा त्याचा प्रश्न असतो. शेजारच्या लिंगायत घरांत 'दासोह' म्हणतात, जैन मैत्रीण 'अपरिग्रह' म्हणते. त्यांनाही हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

प्रत्येक कार्यालयात डेड स्टॉक रजिस्टर असते. मोडक्या खुर्चीलासुद्धा त्यात क्रमांक असतो. घरात असे रजिस्टर नसते, म्हणून तिथला माल कधी 'मेला' ते कळत नाही. आमच्या बेळगावच्या पावसात ते लवकर होते. जून ते सप्टेंबर ट्रंकेत राहिलेल्या स्वेटरला बुरशी येते, डांबरगोळ्या कितीही घाला. येशूने डोंगरावरील प्रवचनात कसर आणि जंग यांची नावे घेतली ती उगीच नव्हेत. याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात तर साठवलेल्या सोन्यारुप्याचा जंगच मालकाविरुद्ध साक्ष देईल असे म्हटले आहे. इतका कडक ऑडिटर मी अजून पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही.

आता माझ्या आईची बाजू. ती म्हणते, "टाकायला काय लागतं गं? जमवायला जन्म जातो." तिचे बालपण सहा माणसांत दोन घोंगड्या अशा घरात गेले. अशा माणसाला 'अपरिग्रह कर' म्हणणे मला उद्धटपणाचे वाटते. ज्याच्याकडे कधी दोन नव्हते त्याला एक देऊन टाक म्हणणे सोपे असते. आणि शास्त्रही साठवणुकीच्या सरसकट विरुद्ध नाही. उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायात योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत मिसरमधल्या पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून ठेवायला लावतो. लूक १२ मधला धनवानही कोठारेच बांधतो, जुनी मोडून मोठी. एकाला शहाणा म्हटले आहे, दुसऱ्याला मूर्ख.

फरक कोठाराच्या आकारात नाही. योसेफाने दुष्काळ पडताच दारे उघडली. (धान्य विकले, फुकट नव्हे, आणि पुढे त्यापायी लोकांच्या जमिनी फारोच्या झाल्या, तो भाग कडू आहे.) धनवान मात्र फक्त स्वतःच्या जिवाशी बोलतो. सगळ्या योजनेत त्याच्या तोंडी दुसऱ्या माणसाचे नावही नाही. चौथ्या शतकात कैसरियाच्या बासिलने याच धनवानावर प्रवचन केले आणि पेटीत पडून राहिलेले वस्त्र उघड्या माणसाचे आहे असे बजावले. म्हणजे घोंगडी ठेवली हा दोष नव्हे. शेजारी थंडीने कुडकुडत असता ट्रंकेला कुलूप राहिले, हा दोष.

आमच्या मंडळीत जॉन वेस्लीचे नाव आदराने घेतात, पण त्याचा जमाखर्च फारसे कोणी सांगत नाही. त्याने एका प्रवचनात ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा हिशेब दिला आहे. तो तरुण वेस्ली स्वतःच, असे मानतात. उत्पन्न ३० पौंड, खर्च २८, दान २. पुढच्या वर्षी उत्पन्न ६०; खर्च तेवढाच २८, दान ३२. मग ९० झाले तेव्हा दान ६२, आणि १२० झाले तेव्हा ९२. आपण काय करतो? उत्पन्नाबरोबर माळा वाढवतो. १७७६ साली सरकारने चांदीच्या भांड्यांवरील करासाठी त्याच्याकडे विचारणा केली, तेव्हा त्याने लंडनला दोन आणि ब्रिस्टलला दोन चांदीचे चमचे आहेत असे कळवले. आजूबाजूला लोक भाकरीला मोताद असताना आणखी घेणार नाही, हेही लिहिले.

दानाच्या नावाखाली चालणारी एक गोष्ट मात्र मला अजिबात मान्य नाही. बटणे गेलेले शर्ट, चेन तुटलेल्या पिशव्या, एका पायाचे मोजे गाठोड्यात बांधून नाताळात 'गरिबांना' पाठवणे. हा आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकण्याचा प्रकार आहे. द्यायचे ते चालू स्थितीत असताना द्यावे, धुऊन, बटण लावून. स्वेटर द्यायचा तर थंडी सुरू होताना, फेब्रुवारीत नव्हे.

आपल्याकडच्या वस्तूंत सर्वांत लवकर मरणारी वस्तू म्हणजे करप्रणालीचे पुस्तक. दरवर्षीच्या अर्थसंकल्पाने ते निम्मे शिळे होते. आणि आता तर १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा प्राप्तिकर कायदा झाला, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. तरी घरोघरी जुन्या आवृत्त्या 'लागतील कधीतरी' म्हणून रचून ठेवलेल्या आहेत. कॉस्टिंग, स्टॅटिस्टिक्स यांची पुस्तके मात्र टिकतात. माझी सूचना अशी की सत्र परीक्षा संपल्यापासून आठवड्याच्या आत ती खालच्या वर्गाच्या हाती द्यावीत. ग्रंथालयात एक टेबल व एक वही पुरे. वहीत देणाऱ्याचे नाव नको, पुस्तकाचे आणि तारखेचे असावे. माझी चार पुस्तके तयार आहेत. एकाला नवे कव्हर घालायचे राहिले आहे.