टर्बोचा श्वास आणि आमची लाल धूळ

गेल्या उन्हाळी सुटीत घरी, म्हणजे डिचोलीला गेलो आणि पहिल्याच संध्याकाळी अंगणात एक चमत्कारिक आवाज ऐकला. कुकरची शिट्टी दाबून धरावी आणि मग एकदम सोडून द्यावी, तसा. बाहेर येऊन पाहतो तो पेडण्याचा माझा मावसभाऊ नवी गाडी घेऊन हजर. मोप्याच्या विमानतळावर त्याला नोकरी लागली, पहिल्या सहा महिन्यांतच त्याने कर्ज काढून एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी घेतली, आणि गाडीचा पहिला वाढदिवस व्हायच्या आत तिची कंपनीची हवेची पेटी काढून तिथे शंकूच्या आकाराचा उघडा लाल फिल्टर बसवला.

"काय रे, गाडीला दमा झाला की काय?" बाबांनी विचारले.

"दमा नव्हे काका, आता कुठे ती मोकळा श्वास घेतेय," तो म्हणाला.

या एका वाक्यावरून आमच्या घरी जो वाद सुरू झाला तो सुटी संपेपर्यंत चालला. महाविद्यालयाच्या वसतिगृहात परतल्यावर पाहिले, तर इथेही तोच वाद. चोर्ला घाटातून ये-जा करणारे आम्ही गोव्याचे पाचसहा जण आहोत. त्यातल्या दोघांना हा शंकू बसवायचा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच. मी यंत्रशास्त्राचा विद्यार्थी असलो तरी तज्ज्ञ नव्हे; पण ज्या घरात एकेकाळी खनिज वाहणारा टिपर होता त्या घरातला मुलगा आहे, आणि धुळीविषयी बोलायला तेवढा अधिकार पुरे आहे असे मला वाटते.

आधी थोडे यंत्राविषयी. इंजिन जेवढे इंधन खाते त्याच्या कितीतरी पट हवा पिते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. एका लिटर पेट्रोलला घनफळाने सुमारे नऊ हजार लिटर हवा झाली. ही हवा अधिक प्रमाणात कोंबता आली तर लहान इंजिनातूनही मोठे काम काढता येते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने 1905 मध्ये पेटंट घेतले ते याच विचाराचे: धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून आत ढकलायची. आजच्या लहान गाड्यांतले हे चक्र रुपयाच्या नाण्यापेक्षा फार मोठे नसते आणि मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. घाट चढताना हवा विरळ होते, साध्या गाडीचा दम कमी होतो. टर्बो मात्र चार फेरे जास्त मारून ती तूट भरून काढतो. चोर्ल्याच्या चढणीवर टर्बोगाडी आणि साधी गाडी लागोपाठ चालवून पाहावी म्हणजे ब्यूखीसाहेबांना मनातल्या मनात नमस्कार घडतो.

आता मावसभावाचे म्हणणे. कंपनी गाडी बनवते ती सगळ्यांसाठी. आवाज नको, खर्च नको म्हणून ती हवेच्या वाटेत अडथळे घालते. कागदाचा दाट फिल्टर, वेडीवाकडी नळी, आवाज गिळणारे डबे. हे काढले की हवा मोकळी आणि ताकद जास्त. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. अडथळा असतो, आणि तो कमी झाला तर टर्बोला तेवढाच दाब निर्माण करायला किंचित कमी कष्ट पडतात. शर्यतीच्या गाड्यांत, जिथे इंजिनाचा संगणकच नव्याने शिकवलेला असतो आणि दाब वाढवलेला असतो, तिथे मोठी वाट लागतेच. पण आमच्या रोजच्या गाडीत टर्बोने किती दाब द्यायचा हे संगणक ठरवतो. ठरलेला दाब मिळाला की तो जादा वायूला बाजूची खिडकी उघडून देतो. दार रुंद केले म्हणून पंगतीत पाने वाढत नाहीत.

शिवाय कंपनीची नळी वेडीवाकडी असते ती उगीच नव्हे. ती पुढच्या जाळीपाशी तोंड काढून बाहेरची थंड हवा घेते. उघडा शंकू बॉनेटच्या आत, तापलेल्या इंजिनाशेजारी बसतो. बाहेर 32 अंश आणि आत 60 अंश असेल तर ती हवा आठ टक्क्यांहून अधिक विरळ होते. इंटरकूलर यातली काही गरमी काढतो हे खरे, पण जे आयतेच थंड मिळत होते ते तापवून पुन्हा थंड करण्यात कसले शहाणपण? जाहिरातीत ताकद वाढल्याचे आलेख दाखवतात, ते पाहताना गाडीचे बॉनेट उघडे आहे का आणि समोर मोठा पंखा लावला आहे का, एवढे जरूर बघावे. आम्ही मये ते सांखळी रस्त्यावर बॉनेट उघडे टाकून जात नाही.

राहता राहिला आवाज. तो बदलतो, यात शंका नाही. डब्यात गिळला जाणारा टर्बोचा सुस्कारा उघड्यावर ऐकू येतो आणि गाडी पळते आहे असे वाटते. मी दोनदा घड्याळ लावून पाहिले. धारगळच्या चढावर फरक मोजण्याइतका आढळला नाही. मावसभाऊ म्हणाला, "तुला घड्याळ धरता येत नाही." असेल.

परंतु खरा प्रश्न ताकदीचा नाहीच. आमच्याकडचा प्रश्न धुळीचा आहे.

डिचोली, मये, शिरगाव, लामगाव या पट्ट्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना वेगळे सांगायला नको. शाळेचा पांढरा सदरा दुपारपर्यंत गुलाबी व्हायचा. रस्त्याकडेच्या केळीची पाने पावसाळा येईपर्यंत हिरवी दिसायचीच नाहीत. 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी थांबल्या आणि आमच्या घरासमोरून जाणारी टिपरांची रांग एका दिवसात नाहीशी झाली. धूळ बसली आणि तिच्याबरोबर आमची मिळकतही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. 2018 च्या फेब्रुवारीत 88 लीजांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि मार्चच्या मध्यापासून सगळे पुन्हा ठप्प झाले. बाबांनी टिपर विकला तो त्यानंतर, लोखंडाच्या भावात. मग 2022 च्या अखेरीस लिलाव सुरू झाले, त्यात पहिला ब्लॉक डिचोलीचाच, आणि 2024 मध्ये तिथे पुन्हा काम सुरू झाले. पेडण्याची धूळ निराळी. तिथे खाण नव्हे, बांधकाम: राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण आणि मोप्याच्या जांभ्याच्या पठारावर उठलेला विमानतळ, ज्यावरून 2023 च्या जानेवारीत उड्डाणे सुरू झाली. पुढच्या पानांवरील कन्नड विभागातले आमचे होस्पेट-बळ्ळारीकडचे मित्र हे वाचतील तर त्यांना हसू येईल. लाल धुळीच्या बाबतीत ते आमचे थोरले भाऊ. त्यांच्या खाणी न्यायालयाने आमच्याही आधी, 2011 मध्ये थांबवल्या होत्या.

या धुळीत कणखर खनिजे असतात. गारगोटीचा कण पोलादालाही ओरखडा काढतो. दोन लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पातळ पात्यांवर असे कण वर्षभर आपटत राहिले तर पात्यांची धार झिजते. जे पुढे जातात ते पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासतात. गाडी एकदम बंद पडत नाही, हीच तर फसवणूक. पिकअप हळूहळू कमी होतो, ऑइल कमी होऊ लागते, एके दिवशी मागून निळा धूर दिसतो. तोवर कर्जाचे निम्मे हप्तेही फिटलेले नसतात.

थोडा हिशेब करू. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर आणि लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर हजार लिटर पेट्रोल, म्हणजे नऊ हजार घनमीटर हवा. समजा टिपरच्या मागून जाताना घनमीटरला एक मिलिग्रॅम धूळ आहे. म्हणजे वर्षाला नऊ ग्रॅम, चहाचे दीड-दोन चमचे. शंभरातले 99 भाग अडवणारा फिल्टर 90 मिलिग्रॅम आत सोडील. 97 भाग अडवणारा 270. ऐकताना दोन टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो. इंजिनाच्या बाजूने पाहिले तर धूळ तिप्पट झाली. फिल्टर विकत घेताना "किती अडवतो" हे विचारतात. "किती सोडतो" हे विचारावे. फिल्टर तपासण्याची आय.एस.ओ. 5011 ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात ठरावीक प्रतीची धूळ तोलून फिल्टरवर सोडतात आणि पलीकडे किती गेली ते मोजतात. त्या चाचणीचा आकडा डब्यावर नसेल तर दुकानदाराच्या शपथेला अर्थ नाही.

म्हणून बाहेरचे ते सगळे वाईट आणि कंपनीचे ते सगळे चांगले, असे मी म्हणतो असे कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांना नाकाखाली व्होक्स नावाचा जाडजूड फिल्टर बसवून पाठवले होते. वाळू अडली, पण विमानाचा वेगही अडला. तेव्हा इजिप्तमध्ये अबुकीरच्या दुरुस्ती तळावरच्या कारागिरांनी स्वतःच लहान, सुबक फिल्टर बनवला आणि वेगाची बरीच तूट कमी केली. स्पिटफायरला टर्बो नव्हता, त्याचा सख्खा भाऊ सुपरचार्जर होता. पण तत्त्व तेच. ती मंडळी वाळूत राहत होती आणि वाळूसाठीच काम करत होती. असा कोणी कारागीर म्हापशाला किंवा सांखळीला निघाला आणि त्याने आमच्या धुळीसाठी चांगली बंद पेटी बनवली, तर ती मी आधी घेईन. हा शंकू मात्र भलत्याच हवेसाठी आणि मुख्यतः कानांसाठी बनलेला आहे.

धुऊन, तेल लावून पुन्हा वापरायचा कापडी फिल्टर मिळतो, तो कंपनीच्याच पेटीत बसतो. त्याला माझा विरोध कमी आहे. तेलाने धूळ पकडणे ही काही अमेरिकेची नवी विद्या नव्हे. जुन्या विलीज जीपला तेलाच्या भांड्याचाच एअर क्लीनर असे. पण ते तेल बेताने लावावे लागते. जास्त झाले की ते उडून हवा मोजणाऱ्या तापलेल्या तारेवर बसते आणि इंजिनाचा संगणक चुकीचा हिशेब करू लागतो. आमच्यातल्या कितीजणांना मापात तेल लावायचा धीर आहे?

दुसरीकडे, कंपनीची पेटी ठेवली म्हणजे कर्तव्य संपले असे मानणारेही आहेत, आणि तेच बहुसंख्य आहेत. पुस्तिकेत फिल्टर बदलायचे अंतर दिलेले असते, पण धुळीच्या प्रदेशात ते कमी करा असेही तिथेच छापलेले असते. ते कोण वाचतो? गॅरेजवाला फिल्टर काढतो, दोनदा आपटतो, कंप्रेसरने हवा मारतो आणि परत बसवतो. जोराच्या हवेने कागदाला बारीक भोके पडली तर मग पेटी कंपनीची असली काय आणि नसली काय. माझ्या मते आमच्या दोन तालुक्यांत सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर नवा कागदी फिल्टर घालावा. शंकूच्या किमतीत असे कितीतरी येतात.

पावसाचेही एक आहे. 2021 च्या जुलैत पाणी चढले तेव्हा किती गाड्या अडकल्या ते आठवा. काही जण थंड हवेच्या नावाखाली फिल्टर बंपरच्या मागे, खाली नेऊन बसवतात. गुडघाभर पाण्यात गाडी घातली की हवेऐवजी पाणी आत, आणि पाणी काही दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

हे लिहिताना एक गोष्ट मनातून जात नाही. हवेतल्या बारीक धुळीची, पी.एम. 10 ची, आपल्या देशातली मर्यादा 2009 पासून चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम आहे. मी वर हिशेबाला घेतलेली धूळ तिच्या दहापट होती, आणि ती लिहिताना मला अतिशयोक्ती करतो आहोत असे वाटले नाही. त्याच टिपरच्या मागून मुले सायकलने शाळेत जात होती. मीही जात होतो. बाबा टिपरचा फिल्टर दर पंधरा दिवसांनी न चुकता काढून पाहत. आम्हाला तोंडाला रुमाल बांध म्हणायचे कोणालाच सुचले नव्हते.

तर त्या संध्याकाळी बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी बॉनेट उघडायला लावले, शंकूचा पट्टा सैल करून तो बाजूला केला आणि नळीच्या आत, फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला, जिथे स्वच्छ हवाच असायला हवी, तिथे बोट फिरवले. बोट त्यांनी मावसभावासमोर धरले. ते लाल होते. शंकू बसवून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

मावसभाऊ काही बोलला नाही. जेवण झाल्यावर त्याने बाबांना हळूच विचारले, "काका, जुनी पेटी माळ्यावर आहे, पण तिची एक क्लिप तुटलीय. मिळेल का?" क्लिप म्हापशाला मिळाली. पावसाळाभर गाडी मुकी होती. दिवाळीनंतर शंकू पुन्हा चढवणार असे तो म्हणतो आहे, आणि मी नाताळच्या सुटीत जाऊन बोट फिरवून पाहणार आहे.